दीड हजाराचा आकडा आणि ग्वाल्हेरचा पावसाळा

एम.एस्सी. करून वायू गाळणाऱ्या पदार्थांवर काम करायला लागलो, तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आजीने विचारलं, "कोळसाच करायचा होता, तर इतकं शिकलास कशाला?" तिचं फारसं चुकलं नव्हतं. विषारी वायूंपासून वाचवणाऱ्या मास्कच्या डबीत आजही मुख्यतः सक्रिय कोळसाच असतो, बऱ्याचदा नारळाच्या करवंटीचा. जड सेंद्रिय वाफा तो आपल्या पृष्ठभागावर छान धरतो, यालाच अधिशोषण म्हणतात. अमोनिया किंवा हायड्रोजन सायनाइडसारखे हलके वायू मात्र निसटतात, म्हणून त्यात तांबं, चांदी वगैरे मुरवतात. पूर्वी क्रोमियमही असायचं, पण सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक, म्हणून त्याच्या जागी जस्त आणि मॉलिब्डेनम आले.

मला अर्थातच कोळसा नको होता, मॉफ हवं होतं, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी. (2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल या धातू-सेंद्रिय जाळ्यांनाच मिळालं, तेव्हा आजी नव्हती.) एचकेयूएसटी-1 हे तांब्याचं मॉफ बनवलं. बीईटी मोजणीत (किती नायट्रोजन चिकटतो त्यावरून पृष्ठफळ काढतात) दर ग्रॅमला दीड हजार चौरस मीटर पृष्ठफळ आलं आणि आठवडाभर मी हवेत होतो.

मग जुलै लागला. बाटलीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं. गडद निळी पूड फिकट आकाशी झाली होती. तांब्याच्या मोकळ्या जागांवर हवेतलं पाणी येऊन बसलं होतं. तेवढं तापवून निघतं. पण ओलसर हवेत अमोनिया सोडला, तेव्हा जाळीच ढासळली. बीईटी यंत्र नमुना आधी निर्वातात तापवून कोरडा करतं आणि उणे 196 अंशांवर नायट्रोजनने मोजतं. तिथे कुठला आलाय पावसाळा!

दुसरा धक्का पुडीचाच. नळीत भरली की हवा पुढे सरकेना. अशा डबीतून माणूस श्वास कसा घेणार? दाबून गोळ्या केल्या, तर छिद्रं चुरगळली. पीव्हीए हा चिकट पॉलिमर घालून बांधल्या, तर छिद्रांची तोंडं बुजली. कोळसा आणि मॉफ यांचं संमिश्र का करतात, त्याचं खरं कारण मला इथे कळलं. कोळशाचे दाणे नायट्रिक आम्लात प्रक्रिया करून घ्यायचे, म्हणजे पृष्ठभागावर कार्बोक्सिल गट येतात, तांबं तिथे अडकतं आणि स्फटिक दाण्यावरच वाढतो. पृष्ठफळ कमी भरतं, पण हवा वाहते. मात्र आम्ल धुवायला मी कंजूषपणा केला आणि दोन महिने घालवले. धुतलेल्या पाण्याचा पीएच स्थिर होईपर्यंत धुवा. पाण्यात टिकणारी जाळी हवी असेल, तर झिर्कोनियमच्या यूआयओ-66 पासून सुरुवात करा. मी ते उशिरा केलं.

नेट किंवा गेट देऊन आलात, तर जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. माझ्या वेळी ती रक्कम कमी होती आणि यायचीही उशिरा, तेव्हा अधिशोषण आणि शोषण यांतला फरक वेगळा शिकवावा लागला नाही.

आता कुणी नवा मुलगा पृष्ठफळाचा आलेख घेऊन आला, की मी ब्रेकथ्रूचा मागतो: वायू नळीतून पलीकडे किती मिनिटांनी निघाला, दाणे केवढे होते, हवेत ओल किती होती. आणि तो नमुना आधी दोन दिवस उघडा ठेवायला सांगतो, शक्यतो जुलैत.