ऑल-इन-वन घ्यावा की पीसी असेंबल करावा? ठरवायचं कसं

ऑल-इन-वन म्हणजे मॉनिटरच्या पाठीत बसवलेला लॅपटॉप, बॅटरी तेवढी काढून घेतलेली. हे एकदा ध्यानात आलं की निम्मा निर्णय तिथंच होतो. आतला प्रोसेसर बहुतेक वेळा लॅपटॉपचाच असतो. ॲपलच्या आयमॅकमध्येही मॅकबुक लॅपटॉपच्याच घराण्यातली चिप असते. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी, त्या मॉडेलपुरता घडवलेला आणि चार्जर अनेकदा लॅपटॉपसारखा बाहेर. असेंबल्ड पीसीत प्रत्येक भाग वेगळ्या डब्यातून येतो आणि बिघडला तर वेगळा बदलता येतो. देखणेपणावर दुकानात तासभर बोलणं होतं. त्याऐवजी पाचव्या वर्षी काय बिघडेल आणि आपल्या गावात ते कोण दुरुस्त करेल, इथून सुरुवात करा.

पायरी १: जागा आणि काम लिहून काढा

मशीन कुठं बसणार आणि त्यावर कोण काय करणार, एवढंच. हॉलच्या कोपऱ्यात दोन फुटांचं टेबल, ऑनलाइन क्लास, बँकेची कामं, वर्ड-एक्सेल, टॅली, संध्याकाळी यूट्यूब, एवढ्यावर घर भागत असेल तर ऑल-इन-वन बिनधास्त चालतो. व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड, थ्रीडी किंवा गेम यांपैकी एक जरी यादीत आलं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार. ते ऑल-इन-वनमध्ये नंतर बसवता येत नाही, त्यामुळे विषय संपला.

घरात मुलगा अकरावीला असेल तर आजच्या कामावर जाऊ नका. दोन वर्षांनी तो इंजिनिअरिंगला गेला की यादी बदलते.

पायरी २: ऑल-इन-वनच्या पाठीवरचं नाव पूर्ण वाचा

‘आय५, तेरावी जनरेशन, दहा कोअर’ एवढं ऐकून मान डोलवू नका. नंबर आणि त्यामागचं अक्षर विचारा. कोअर आय५-१३३५यू आणि कोअर आय५-१३४००, दोन्ही तेराव्या जनरेशनचे, दोघांतही दहा कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे दहा भाग. पण पहिल्यात वेगवान कोअर दोन आणि किफायतशीर कोअर आठ, तर दुसऱ्यात वेगवान सहा आणि किफायतशीर चार. पहिला १५ वॉटसाठी बनवलेला, दुसरा ६५ वॉटसाठी. नंबरामागे ‘यू’ म्हणजे वीज वाचवणारा लॅपटॉपचा प्रोसेसर, ‘एच’ म्हणजे लॅपटॉपचाच पण दमदार. टॅलीला ‘यू’ पुरतो. चार के व्हिडिओ एडिट करायला बसलात तर घाम फुटेल.

मग रॅम. बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, आणि एखादा स्लॉट रिकामा आहे का? आयमॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येतच नाही, त्यामुळे तिथं लागणारी घेतानाच घ्यावी. विंडोजवर ८ जीबी आज जेमतेम पुरते. १६ असू द्या.

तिसरी गोष्ट पडदा. २७ इंची ऑल-इन-वनमध्ये अजूनही १९२०×१०८० चा पॅनल मिळतो. एवढ्या मोठ्या पडद्यावर ठिपके इतके विरळ होतात की लहान टाइपात देवनागरीचे अनुस्वार आणि रफार फुटके दिसतात. मराठीत लिहिण्यावाचण्याचं काम असेल तर दुकानात नोटपॅड उघडून ‘सूर्यकिरणांतील धुळीचे कण’ टाइप करून पाहा, विक्रेता काहीही म्हणो. या रिझोल्यूशनला २४ इंच बरा.

आणखी एक विचारा: एचडीएमआय इनपुट, म्हणजे दुसऱ्या मशीनचं चित्र या पडद्यावर आणायचं तोंड, आहे का? असेल तर आतला कॉम्प्युटर जुना झाल्यावरही पडदा मॉनिटर म्हणून वापरता येतो. बहुतेकांत नसतं. मग चांगला पडदा आतल्या बोर्डाबरोबर भंगारात जातो. माझ्या मते ऑल-इन-वनचा सगळ्यात मोठा तोटा हाच.

पायरी ३: असेंबल्डचं कोटेशन लेखी घ्या

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा डॉ. भडकमकर मार्ग, इतर शहरांत ओळखीचा डीलर किंवा ऑनलाइन. कुठूनही घ्या, पण प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव कागदावर असू द्या. ‘ब्रँडेड एसएमपीएस’ (म्हणजे पॉवर सप्लाय), ‘५०० जीबी एसएसडी’ असं मोघम लिहिलेलं असेल तर तिथंच पैसे वाचवलेले असतात. रॅमचे भाव कांद्यासारखे वरखाली होतात, त्यामुळे गेल्या महिन्याच्या कोटेशनवर भांडू नका.

कोटेशनमध्ये लोक हमखास फसतात ते पुढं. इंटेलच्या नंबरामागे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड घेतल्याशिवाय पडदा काळाच राहणार. एएमडीच्या रायझन ५ ५६०० चंही तसंच, ५६००जी मध्ये मात्र ग्राफिक्स आहे. प्रोसेसर ‘बॉक्स’ (कंपनीच्या खोक्यातला) आहे की ‘ट्रे’ (खोक्याविना सुटा), हे विचारा. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवर थेट कंपनीची नसते. डीडीआर४ ची (जुन्या पिढीची) रॅम डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, त्यामुळे ‘जुनी रॅम बसवून देतो’ ही सवलत तपासून घ्या.

आता बेरीज करा. ऑल-इन-वनच्या किमतीत पडदा, वेबकॅम, स्पीकर, वायफाय, बहुधा कीबोर्ड-माउस आणि विंडोज हे सगळं असतं. असेंबल्डच्या कोटेशनमध्ये यातलं निम्मं नसतं आणि मग तो स्वस्त भासतो. विंडोजचं लायसन्स तर हटकून राहतं. दुकानदार ‘टाकून देऊ’ म्हणतो, म्हणजे चोरीची कॉपी, हे तुम्हालाही ठाऊक आहे. खरं लायसन्स धरून बेरीज करा किंवा उबुंटू-मिंटसारखी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम चालत असेल तर तेवढे पैसे वाचवा.

पायरी ४: घरची वीज पाहा

दोन्हींत बॅटरी नाही. लाइट गेली की न साठवलेलं काम गेलं. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॉटचा भार चालतो. ऑल-इन-वन किंवा ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप त्यावर आरामात राहतो. गेमिंग मशीनला १००० व्हीएच्या वरचा लागेल. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, साध्या मोडवर बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि मशीन रीस्टार्ट होऊ शकतं.

अर्थिंग तपासून घ्याच. जुन्या वाड्यात किंवा चाळीत कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, तेव्हा पीसीला दोष देण्याआधी वायरमनला बोलवा.

पायरी ५: सर्व्हिसचा फोन आधीच लावा

ऑल-इन-वनला बहुधा एक वर्षाची वॉरंटी असते, माणूस घरी येतो आणि सगळ्याला एकच कंपनी जबाबदार. मुंबई-पुण्यात हे सुखाचं आहे. तालुक्याच्या गावी राहत असाल तर खरेदीआधीच कंपनीला फोन करून आपला पिनकोड सांगा आणि ऑनसाइट सर्व्हिस मिळते का विचारा. वॉरंटी संपल्यावर पॅनल किंवा बोर्ड गेला तर तो भाग कंपनीकडूनच आणावा लागतो आणि कंपनी मागेल ती किंमत.

असेंबल्डमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, सेंटरही वेगळं. कटकट आहे खरी. पण एसएमपीएस उडाला तर जवळच्या दुकानातून नवा आणून संध्याकाळी मशीन चालू होतं.

मधला मार्ग

नीटनेटकं टेबल हवं म्हणून ऑल-इन-वनकडे ओढा असेल तर मिनी पीसी पाहा. डब्याएवढं मशीन, मॉनिटरच्या मागं वेसाच्या, म्हणजे ठरावीक मापाच्या, भोकांवर स्क्रूने बसतं. मॉनिटरवर १००×१०० मिलिमीटरची ती चार भोकं आहेत ना, आणि स्टँड लावल्यावरही मोकळी राहतात ना, एवढं पाहून घ्या. समोरून ऑल-इन-वनच वाटतो, आणि पुढं कधी पडदा किंवा पेटी एकेक बदलता येते. साध्या घरगुती कामासाठी मी आज हेच सुचवतो.

पायरी ६: स्वतः जोडणार असाल तर

एक मोकळी दुपार आणि एक चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात अंगात स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, साठते, म्हणून अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण जुळवा. प्रोसेसर नुसता ठेवला की बसतो, वरून दाबायचा नसतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. कूलर लावा आणि बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून एकदा चालू करून पाहा. इथं चाललं तर पुढचा निम्मा त्रास वाचतो. कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) बोर्डाच्या भोकांखाली आहेत तेवढेच ठेवा, जास्तीचा एखादा राहिला तर शॉर्ट होऊ शकतं. प्रोसेसरची वेगळी पॉवर केबल बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागते, ती हमखास विसरली जाते. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नव्हे.

पायरी ७: पैसे देण्याआधी

जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असावा. असेंबल्डची सगळी खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. दुकानातच मशीन चालू करून टास्क मॅनेजर उघडा आणि रॅम किती दिसते ते पाहा. रॅमचा वेगही पाहा: पट्टीवर ६००० लिहिलेलं असून तिथं ४८०० दिसत असेल, तर बायॉसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग, चालू करायचं राहिलंय. ते तिथंच करून घ्या.