लिव्हर रायफलमध्ये लांब काडतूस: या चुका टाळा

जुन्या लिव्हर रायफलींच्या (चापाजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या) गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "चेंबर जरा खोल केलं की लांब काडतूस बसेल ना!" बसेल. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, हाताने ठेवलं तर बसेलही. पण लिव्हर रायफल विकत घेतात ती लिव्हर मारून पटापट काडतुसं भरण्यासाठी, आणि ते काम चेंबर करत नाही.

अमेरिकी विंचेस्टर कंपनीची १८७३ ची रायफल उघडलेली पाहिली तर गोष्ट लगेच कळते. नळीखालच्या मॅगझिनमधून काडतूस मागे सरकतं आणि एका पितळी ठोकळ्यात येऊन बसतं. लिव्हर खाली ओढली की तो ठोकळा लिफ्टसारखा सरळ वर जातो आणि काडतूस चेंबरसमोर येतं. ठोकळ्याची लांबी काडतुसाच्या लांबीवर बेतलेली असते. काडतूस जास्त लांब असेल तर गोळीचं टोक मॅगझिनच्या नळीतच राहतं आणि ठोकळा हलत नाही; एकाचा पाय बाहेर राहिला की लिफ्ट अडते तसं. गंमत म्हणजे फार आखूड काडतूसही तेवढंच त्रासदायक. मग मॅगझिनमधल्या पुढच्या काडतुसाचं बूड ठोकळ्यात घुसतं आणि पुन्हा तेच. त्यामुळे लिव्हर अर्ध्यावर अडली तर पहिला संशय लांबीवर घ्यावा. लिव्हरवर जोर लावू नये.

हा धडा खुद्द विंचेस्टरने गिरवला आहे. १८७३ चं .४४-४० काडतूस जेमतेम ४० मिमी लांब. अमेरिकी सैन्याचं .४५-७० सुमारे ६५ मिमी. लोकांना रायफलमध्ये तशी ताकद हवी होती. कंपनीने चेंबर खोल केलं नाही. तीच रचना मोठ्या सांगाड्यात घालून १८७६ चं मॉडेल काढलं. आणि तरीही .४५-७० त्यात मावेना! शेवटी काडतूसच बदललं: आखूड, जाडजूड, मानेशी निमुळतं .४५-७५. कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी ही रायफल वापरली, थिओडोर रूझवेल्टकडेही ती होती. .४५-७० पचवणारी विंचेस्टर यायला १८८६ उजाडलं, तेही युटातल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगने यंत्रणाच नव्याने आखली तेव्हा.

दुसरी चूक मोजमापाची. माणसं पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याची, लांबी बघतात आणि गोळीसकट अख्ख्या काडतुसाची विसरतात. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी २९.३ मिमी, त्याच जाडीच्या .३५७ मॅग्नमची ३२.८. फरक साडेतीन मिलिमीटरचा. पण पूर्ण काडतुसांच्या कमाल लांबीत फरक मिलिमीटरभराचाच, म्हणून .३५७ साठी बनवलेल्या लिव्हर रायफलींत .३८ स्पेशल बहुधा विनातक्रार चालतं. उलट दिशेने मात्र जाऊ नये. .३५७ ची पुंगळी मुद्दाम लांब ठेवली, ती जास्त दाबाचं हे काडतूस जुन्या .३८ च्या हत्यारात शिरू नये म्हणून. तिथे चेंबर खोल करणं म्हणजे कुणीतरी विचार करून बसवलेली कडी उचकटणं.

मोजमापाच्या याच घोळातून एक फसवा बिघाड येतो. झाडलेली रिकामी पुंगळी टणकन बाहेर उडते, सगळं ठीक वाटतं. मग कधी न झाडलेलं काडतूस काढायची वेळ येते, आणि ते फटीत आडवं होऊन बसतं, कारण त्याला पुढे गोळी आहे. भरलेलं काडतूस चेंबरमध्ये आणि माणूस चिमट्याने ओढतोय, हे दृश्य कुणालाही नको. अडकलं तर नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर, आणि रायफल जाणकार कारागिराकडे.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. लांब काडतुसात सहसा दारू जास्त, दाब जास्त. चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टला कोण धरून ठेवतं? १८७३ आणि १८७६ मध्ये गुडघ्यासारखे दुमडणारे सांधे. ते काळ्या दारूच्या काळाला पुरले. १८८६ मध्ये ब्राउनिंगने बोल्टला दोन उभ्या पोलादी पट्ट्यांचा आधार दिला. १८९५ च्या मॉडेलमध्ये नळीचं मॅगझिन जाऊन पेटी आली, लांबीचा प्रश्न मिटला, आणि रशियाने पहिल्या महायुद्धात आपल्या ७.६२×५४ काडतुसासाठी अशा सुमारे ३ लाख रायफली घेतल्या. पण त्याच मॉडेलच्या जुन्या .३०-०६ (अमेरिकी सैन्याचं जास्त दाबाचं काडतूस) रायफलींत बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळीक, म्हणजे हेडस्पेस, वाढल्याच्या तक्रारी संग्राहकांना चांगल्या माहीत आहेत. मावतं आणि सोसतं यांत एवढं अंतर असतं.

पेटीचा फायदा आणखी एक: टोकदार गोळी चालते. नळीच्या मॅगझिनमध्ये पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (दारू पेटवणारी बुडातली टिकली) मागच्याचं टोक टेकलेलं असतं, म्हणून तिथे चपटी किंवा बोथट गोळी. लांब काडतुसाच्या नादात हे विसरू नका.

आपल्याकडे तर चुकीला वावच कमी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र दुरुस्त करायला किंवा बदलायला परवाना लागतो, नुसता बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. घरच्या लेथवर 'प्रयोग' हा विषयच नाही.

ज्यांनी हे कोडं खरंच सोडवलं त्यांनी बहुतेक वेळा लांबीला हातच लावला नाही. सॅव्हेज या अमेरिकी कंपनीने १९२० मध्ये .३०० सॅव्हेज काढलं, तेव्हा हेतू होता .३०-०६ च्या जवळपासचा वेग, पण त्यांच्या १८९९ च्या आखूड रायफलमध्ये मावेल असा. पुंगळी अवघी ४७.५ मिमी. अलास्काच्या हॅरोल्ड जॉन्सनने विंचेस्टरच्या .३४८ ची पुंगळी रुंदावून तिच्यात .४५ ची गोळी बसवली आणि .४५० अलास्कन तयार केलं, तपकिरी अस्वलांच्या मुलखात उपयोगी पडेल असं. ते लांबीने वाढलं नाही, जाडीने वाढलं.