जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवताना

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. तेव्हापासून जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांच्या घरी जर्मनीचा विषय निघाला, की पहिला प्रश्न व्हिसाचा असतो. खरे तर पहिला प्रश्न मान्यतेचा असायला हवा. परिचारिकेचा व्यवसाय तेथे कायद्याने नियंत्रित आहे, त्यामुळे संबंधित राज्याच्या प्राधिकरणाने शिक्षणाला मान्यता देईपर्यंत भारतातून गेलेली परिचारिका केवळ साहाय्यक म्हणून, साहाय्यकाच्याच पगारावर काम करू शकते.

अर्ज कोणाकडे करायचा, हे नोकरी कोणत्या राज्यात आहे त्यावर ठरते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये हे काम स्टुटगार्ट येथील प्रादेशिक प्रशासन पाहते. त्यांच्याकडून कागदपत्रांची यादी मागवून घ्यावी आणि तयारी त्या यादीप्रमाणेच करावी, कारण ओळखीच्या मैत्रिणीची यादी दुसऱ्या राज्याची असू शकते.

आपल्याकडच्या विवाहित स्त्रियांची फाइल बहुधा नावावर अडते. गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव व मधे वडिलांचे नाव, पासपोर्टवर सासरचे आडनाव व मधे पतीचे नाव, आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणी प्रमाणपत्रावर या दोहोंचे मिश्रण, हे आपल्याला नित्याचे वाटते. जर्मन अधिकाऱ्यासमोर मात्र त्या तीन वेगळ्या व्यक्ती असतात. विवाह प्रमाणपत्र, आणि नाव राजपत्रात बदलले असल्यास ती प्रतही, सुरुवातीलाच जोडावी आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीतील नाव पासपोर्टशी जुळवून घ्यावे.

यानंतरचा महत्त्वाचा कागद म्हणजे महाविद्यालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेला, विषयवार तासांचा तक्ता. गुण किती मिळाले यापेक्षा शस्त्रक्रिया विभागात किती तास, बालरुग्ण विभागात किती, वर्गात किती आणि रुग्णशय्येपाशी किती, यावरून जर्मन शिक्षणाशी तुलना होते. अनेक महाविद्यालये ‘तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण’ एवढे एक वाक्य लिहून देतात. ते पुरत नाही, म्हणून दोन-चार फेऱ्या माराव्या लागल्या तरी तक्ता मिळवावा. अपोस्टिलवर, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर मिळणाऱ्या सरकारी प्रमाणनावर, पैसे घालवण्याआधी थांबावे. अपोस्टिलविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ मध्ये सामील झाला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला होता, त्यामुळे भारतीय अपोस्टिल तेथे चालेलच असे नाही. म्हणून कोणते प्रमाणन चालेल, ते प्राधिकरणालाच विचारावे. भाषांतर कोणाचे ग्राह्य धरतात, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

पूर्ण मान्यता पहिल्याच फेरीत क्वचित मिळते. बहुधा त्रुटींची नोंद असलेला निर्णय हाती येतो आणि पुढे दोन मार्ग उरतात: अनुकूलन प्रशिक्षण (त्रुटी भरून काढणारे प्रशिक्षण) किंवा ज्ञानपरीक्षा. माझ्या मते नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलीने परीक्षेचा विचार करावा, तर दहा वर्षे एकाच अतिदक्षता विभागात काढलेल्या परिचारिकेने प्रशिक्षण घ्यावे, कारण तिचे इतर विषय मागे पडलेले असतात. येथे मनाची तयारीही लागते. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे बव्हंशी नातेवाईक किंवा आया-मावशी करतात. तेथे ती परिचारिकेचीच असतात. ‘एवढे शिकून हेच करायचे का?’ असा प्रश्न पडणार असेल, तर तो निघण्यापूर्वीच सोडवलेला बरा.

भाषेच्या बाबतीत, व्हिसा मिळून तेथे जाण्यापुरती जर्मनची बी-१ पातळी अनेकदा चालते, पण मान्यतेसाठी सामान्यतः तिच्या वरची बी-२ लागते. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा अन्यत्र बी-२ येथेच पूर्ण करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पाळीचे काम सुरू झाल्यावर संध्याकाळच्या वर्गाला बसण्याचे त्राण उरत नाही. पाळी बदलताना रुग्णाची माहिती तोंडी सोपवली जाते, तो संवाद मुद्दाम घोकावा. स्टुटगार्टकडचे आजी-आजोबा श्वाबियन बोलीत बोलतात आणि ती कोणत्याच वर्गात शिकवत नाहीत, हा भाग वेगळा.

भरतीसाठी परिचारिकेकडून लाखो रुपये मागणाऱ्या दलालापासून दूर राहावे. परदेशी परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी जर्मनीत जे सरकारी गुणवत्ता-चिन्ह आहे, त्याच्या नियमांनुसार भरतीचा खर्च मालकाने उचलायचा असतो. मात्र ठरलेल्या मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास खर्च परत मागणारे कलम करारात असू शकते. त्यातील रक्कम आणि मुदत वाचल्याशिवाय सही करू नये.

कुटुंब मागाहून येणार असेल तर पतीला कौटुंबिक व्हिसावर नोकरी करता येते, परंतु भाषेवाचून त्याच्या वाट्याला गोदामातले किंवा सफाईचे काम येण्याचा संभव असतो. त्याचा आयटीआय किंवा पदविका असेल तर त्या शिक्षणाच्या मान्यतेचा अर्जही सोबतच करावा. मुलांबाबत वेळेचे भान हवे: जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मूल कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार ते ठरते. तिसरीतले मूल आई स्थिरस्थावर होईपर्यंत आजीकडे ठेवण्याचा बेत असेल, तर ते तेथे पोहोचेपर्यंत हा निर्णय दारात उभा असतो आणि मुलाला अजून जर्मन येत नसते.