टर्मिनलमध्ये चालतं, एनपीएम रनमध्ये नाही

आमच्या इंदूरच्या ऑफिसात, मॅकवर, मोकाच्या (जावास्क्रिप्ट कोड तपासणारं साधन) सगळ्या टेस्ट टर्मिनलमधून चालायच्या. टेस्ट-फाइली शोधायला कमांडमध्ये दोन ताऱ्यांचा (**) पॅटर्न होता, म्हणजे 'फोल्डर कितीही खोल असो, आत बघ'. तीच कमांड पॅकेज डॉट जेसनमध्ये (प्रोजेक्टची सेटिंग-फाइल) स्क्रिप्ट म्हणून टाकून एनपीएमने (पॅकेज आणि स्क्रिप्ट सांभाळणारं साधन) चालवली, की निम्म्या गायब! एरर नाही, उलट सगळं हिरवंगार. हे जास्त वाईट.

टर्मिनलमध्ये झेडशेल हा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) होता, एनपीएम मात्र स्क्रिप्ट 'एसएच' या दुसऱ्या शेलकडे देतं. तिथे दोन ताऱ्यांची किंमत एकाच ताऱ्याएवढी, म्हणून बरोबर एक फोल्डर आतल्या फाइलीच सापडतात. थेट वरच्या आणि खोल दडलेल्या, दोन्ही सुटतात.

पॅटर्न अवतरणचिन्हांत घातला. आता शेल त्याला हात लावत नाही, मोका स्वतःच उलगडतो. चिन्हं दुहेरीच द्या, जेसनमध्ये प्रत्येकाआधी बॅकस्लॅश लावून. एकेरी चिन्हं विंडोजचा शेल, सीएमडी, काढतच नाही. मोकाला ती पॅटर्नचाच भाग वाटतात आणि एकही फाइल मिळत नाही.