बॉबिन संपते तेव्हा: लिहिण्याची आपली वेळ कशी शोधावी

माझ्या शिलाई मशीनच्या खणात एक दोनशे पानी वही असते. पुढून उघडली की नगांचा हिशेब: हाफ शर्ट किती, ट्युनिक किती, कुठल्या गठ्ठ्यात कॉलर कमी आल्या. मागून उघडली की माझ्या गोष्टी. दोन्हीकडून भरत भरत पानं मध्ये भेटली की मी नवी वही आणते. आत्ताची सातवी.

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्यात लिहावंसं वाटणाऱ्याही मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ निघाल्या. भेटल्या की विचारतात, "ताई, तुम्ही लिहिता कधी?" रस्त्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगते.

आधी माझं काय चुकलं ते. एका कार्यक्रमात ऐकलं की लेखकाने पहाटे चारला उठून लिहायला बसावं. मी दुसऱ्याच दिवशी चारचा गजर लावला. रात्री भांडी आवरून अंग टाकायला साडेअकरा व्हायचे, त्यात काही फरक पडला नव्हता. दहा दिवस उठले, चार-पाच पानंही झाली. अकराव्या दिवशी दुपारी खिसा लावताना डोळ्यांवर झापड आली आणि सुई डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली. पांढऱ्या शर्टावर रक्त पडलं, त्या नगाचे पैसे माझ्या अंगावर बसले. पुढे दीड महिना वहीची मागची बाजू उघडावीशी वाटली नाही. चारची वेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या रात्रीला ती जुळत नव्हती.

अँथनी ट्रोलप नावाचा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा आणि साडेआठला उठायचा. शिस्तीचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगतात. पण त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली आहे. त्याला रोज उठवून कॉफी आणून देणारा एक म्हातारा नोकर होता. त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत, आणि आपल्या यशात त्या माणसाचा वाटा इतर कुणाहीपेक्षा मोठा असेल असं ट्रोलपला वाटत होतं. मला हा माणूस त्यामुळे फार आवडतो. कुणाचंही वेळापत्रक उचलण्याआधी एवढं विचारा: त्याला उठवत कोण होतं, आणि चहा कोण ठेवत होतं?

आता तुमची वेळ शोधायची कशी. सात दिवस काहीही लिहायला बसू नका, फक्त नोंद ठेवा. दिवसातून पाच-सहा वेळा दोनच गोष्टी टिपायच्या: आत्ता हात मोकळे आहेत का, आणि डोकं मोकळं आहे का. मी ही नोंद नगांच्या हिशेबाशेजारीच केली. तोवर माझी समजूत होती की मला वेळच नाही. आठवड्याच्या शेवटी पाहिलं तर वेगळंच दिसलं. बाजूची सरळ शिलाई मारताना हात अडकलेले, पण डोकं पूर्ण रिकामं, आणि असे रोज चार-पाच तास. कॉलर लावताना मात्र डोकंही कॉलरमध्येच. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, कधी रात्री अकराला, कधी पहाटे तीनला. त्या रात्री पिंप भरेपर्यंत पायरीवर बसावं लागतं: हात मोकळे, डोकं पेंगुळलेलं. आणि सोमवारी पहाटे मुलगा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातो. त्याचा डबा भरून त्याला रिक्षात बसवलं की सासूबाई उठेपर्यंत तास-सव्वातास घर गप्प असतं. हातही मोकळे, डोकंही. आठवड्यात असा एकच तास. तो मी इतकी वर्षं कपडे भिजवण्यात घालवत होते.

दुसरी गोष्ट मला उशिरा उमगली. लिहिणं हे एक काम नाही, त्यात चार कामं आहेत: मनात जुळवणं, टिपणं, सलग लिहून काढणं आणि स्वच्छ उतरवणं. चारही एकाच बैठकीत करायला गेलं की मोठी बैठक लागते, ती मिळत नाही आणि माणूस म्हणतो मला वेळ नाही. ती वेगळी केली की प्रत्येकाला आपापली फट सापडते. जुळवायला हात लागत नाहीत. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांचे हात जात्याच्या खुंट्यालाच असायचे. सरळ शिलाईला मी आजही मनात एकेक वाक्य घेऊन बसते, उलटसुलट करते, एखादा शब्द उसवते, पुन्हा घालते.

टिपण्याची वेळ मला बॉबिनने दिली. बॉबिन म्हणजे मशीनमधल्या खालच्या दोऱ्याची छोटी रीळ. तो दोरा संपला की मशीनचा आवाज पोकळ होतो आणि शिलाई पडेनाशी होते. बॉबिन काढायची, रिळावरून दोरा भरून घ्यायचा, परत बसवायची, या सगळ्याला दोन-तीन मिनिटं. त्यात बॉबिन भरताना एक हात रिकामा असतो. मी त्या हाताने खडू उचलते आणि समोरच्या फर्म्यावर, म्हणजे कापड बेतायच्या खाकी कागदाच्या नमुन्यावर, तीन-चार शब्द लिहिते. पूर्ण वाक्य कधीच नाही. "ओला जिना, वास", एवढंच. संध्याकाळी फर्मे गुंडाळून ठेवण्याआधी ते शब्द वहीत घेते आणि खडू पुसते. एका दिवसात पाच-सहा बॉबिन होतात. तुमच्याकडे बॉबिन नसेल, पण असं काहीतरी असेलच जे दिवसातून पाच-सहा वेळा तुम्हाला थांबवतं: कुकरची शिट्टी, बसथांबा, दुकानात गिऱ्हाईक गेल्यानंतरची दोन मिनिटं. तिथे कागद बांधून ठेवा. मोबाईल नको असं मी सांगेन, कारण तो हातात घेतला की दोन मिनिटांची वीस होतात. माझा तरी अनुभव तसाच आहे.

सलग लिहिणं सोमवारी. पाण्याच्या रात्री मोटारीच्या आवाजात नवं सुचत नाही, पण सोमवारचं गिचमीड स्वच्छ उतरून काढता येतं, आणि उतरवताना चुका आपोआप दिसतात.

किती लिहायचं? आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. आज किती तास बसलात असं विचारलं तर त्यांना प्रश्नच कळत नाही. हजार झाल्या की नाही, एवढंच त्या सांगतात. मीही तास मोजणं सोडलं. सोमवारी दोन पानं, इतर दिवशी फर्म्यावरच्या टिपा वहीत आल्या की काम झालं. आकडा असा धरा की तापातही जमेल. जास्त झालं तर उद्याच्या खात्यात धरू नका.

वर्षाचाही विचार करा, रोजचा सारखा हट्ट धरू नका. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, म्हणून मार्चपासून तोवर आमचा सीझन. त्यात सोलापूरचा मे, पारा ४३-४४ वर, वर पत्रा. ते महिने मी फक्त टिपते, दुसरं काही स्वतःकडून मागतच नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज बघायला नणंदांची मुलंबाळं घरी. गड्ड्याच्या, म्हणजे या जत्रेच्या, दिवसांत वही खणातच राहते. जुलै-ऑगस्टमध्ये काम उतरतं, तेव्हा वर्षभराच्या टिपा घेऊन बसते. दिवाळी अंकांना गोष्ट पाठवायची तर तेच दिवस असतात.

घरच्यांना सांगून टाका, चोरून लिहू नका. मी बरीच वर्षं चोरून लिहिलं आणि कुणी आलं की वही झाकताना माझंच वाक्य तुटायचं. शेवटी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, सोमवारी सातपर्यंत मला हाक मारू नका." त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं न्हाई का." आता सोमवारी त्यांचा चहा त्याच करून घेतात, कधी माझाही ठेवतात.

आणि उठताना काय करायचं ते. मशीनवरून उठायचं तर सुई वर ठेवून उठू नये, कापडात खाली ठेवून उठावं; परत बसल्यावर शिलाई सरकत नाही, तिथूनच पुढे जाते. वहीचंही मी तसंच करते. पुढचं माहीत असतानाच, वाक्याच्या मध्यात थांबते. गेल्या सोमवारी सासूबाईंची हालचाल ऐकू आली तेव्हा लिहिलेलं होतं, "ती ओला जिना उतरली आणि". तिथेच पेन ठेवून उठले. जिन्याखाली कोण उभं आहे, ते मला माहीत आहे.