संग्रहातला चाकू विकताना-घेताना या चुका टाळा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आमच्या सांगलीतल्या गल्लीत शिरली, तेव्हा माळ्यावर चढवायची राहून गेलेली एक ट्रंक पाण्यात गेली. तिच्यात आजोबांचे घडीचे चाकू होते. पाणी ओसरल्यावर मी गाळ धुतला, पाती पॉलिश पेपरने घासली आणि पुढच्या वर्षी त्यातला कार्बन स्टीलचा एक चाकू ‘स्थिती उत्तम’ असं लिहून विकला. घेणारे मिरजेचे एक काका. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. “पात्यावर घासल्याच्या रेघा आहेत आणि खिळ्याच्या फटीत गाळ आहे. पुरातला का हो?” मी हो म्हणालो. “मग तसं सांगायचं. तसाच घेतला असता मी. घासायला नको होता तुम्ही.”

पैसे परत केले. चाकू मात्र पूर्वीसारखा होणार नव्हता. त्यानंतर जे वाद पाहिले, त्यातल्या बहुतेकांचं मूळ डाग नव्हता. डाग सांगितला नव्हता, हे होतं.

‘किरकोळ ओरखडे’ असं लिहिणं

विकणाऱ्याचं किरकोळ आणि घेणाऱ्याचं किरकोळ कधीच सारखं नसतं. त्यापेक्षा जागा आणि माप लिहा: डावी बाजू, टोकापासून २ सेंमी आत, ५ मिमी लांब, नख फिरवलं तर अडकत नाही. नख अडकतं की नाही, ही खूण दोघांनाही घरबसल्या तपासता येते. ‘मिंट’ हा शब्द तर जपूनच वापरा. संग्राहकांच्या लेखी त्याचा अर्थ कारखान्यातून निघाला तसा, खिशात न वापरलेला, एकदाही धार न लावलेला. घरच्या दगडावर दोनदा फिरवलेला चाकू कितीही सुंदर दिसला तरी मिंट नाही.

धार लावून झिजलेलं पातंही असंच लपून राहतं. पात्याची रुंदी मुठीजवळ आणि मध्यावर मोजा. मुठीजवळ रुंद आणि पुढे एकदम अरुंद झालं असेल, तर पोलाद दगडाने खाल्लंय. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या न वापरलेल्या चाकूच्या फोटोशी ताडून पाहा. मुठीच्या पट्ट्या किंवा खिळा बदललेला असेल तर तेही लिहा. दुरुस्ती चांगली झाली असली तरी मूळ भाग गेलेलाच असतो, आणि संग्राहक पैसे मोजतो ते मूळ भागांचे.

गंज आणि जुनी झाक यांत गल्लत

सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात. कार्बन स्टीलने कैरी, कांदा, लिंबू कापलं की पातं करडं-निळसर पडतं. ऑक्साइडचा हा पातळ थर म्हणजेच जुनी झाक. ती लाल गंजाला थोडाफार अडवते, आणि कित्येक संग्राहकांना ती हवी असते. लाल-तपकिरी गंज मात्र धातू खातो आणि मागे खड्डे ठेवतो. हे खड्डे घासून घालवायचे तर सगळं पातंच पातळ करावं लागतं. नवखा घेणारा करड्या पात्याला गंजलेलं म्हणतो, आणि काही विकणारे खड्ड्यांनाच ‘जुनी झाक’ म्हणून खपवतात. हे दुसरं मला खरोखर चुकीचं वाटतं. तपासणी सोपी आहे: तेलात भिजवलेलं पांढरं सुती फडकं पात्यावर फिरवा. फडक्यावर लाल भुकटी आली तर गंज अजून जिवंत आहे. आणि घासण्याचा मोह आवरा. जुनी झाक एकदा गेली की तशी परत आणता येत नाही.

समोरून फ्लॅश मारून फोटो

फ्लॅशच्या लखलखाटात बारीक ओरखडे बुडून जातात. सकाळी खिडकीशी तिरक्या उजेडात पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ, धार, मूठ, पात्याच्या बुडाशी असलेला शिक्का आणि मिटलेला चाकू, सगळ्याचे फोटो काढा. शेजारी पट्टी आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पार्सल बांधतानाचा व्हिडिओ विकणाऱ्याने करावा, उघडतानाचा घेणाऱ्याने. ओरखडा वाटेत पडला की आधीचाच होता, याचा निकाल त्यावरच लागतो.

चामड्याच्या म्यानात ठेवून देणं

चामडं ओल धरतं. त्यात पातं गंजतं आणि पितळेवर हिरवा थर चढतो. म्यान वेगळं ठेवा. सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकच्या, मुठीचा चाकू तर बाकीच्यांपासून दूरच ठेवा, कारण ते कुजताना निघणारे वायू शेजारच्या पात्यांनाही गंजवतात. करडईचं तेल लावू नका, ते वाळून चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल पुरतं, आणि पावसाळ्यात बोटांचे ठसे पुसल्याशिवाय चाकू ठेवू नका.

मूठ कशाची, हे न पाहणं

हस्तिदंत आणि सांबरशिंग या दोन्ही गोष्टी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कक्षेत येतात. अशा मुठीच्या व्यवहारात पडू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्याच पुरावशेष कायद्यात मोडू शकते, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. शस्त्र म्हणून घडवलेलं पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर शस्त्र नियम २०१६ आधी पाहा.

तक्रार आली की लगेच वाद घालणं

आधी त्याच कोनातून, तिरक्या उजेडातला फोटो मागा आणि आपल्या फोटोशेजारी ठेवून पाहा. दोष आपल्याकडून सांगायचा राहिला असेल तर चाकू कुरकुर न करता परत घ्या, कुरिअरचा खर्चही आपणच द्या. घेणाऱ्यानेही एक पाळावं: तक्रार करायच्या आधी धार लावू नये, पॉलिश करू नये. नाहीतर परत येणारा चाकू दुसराच असतो. परतीचे दिवस आणि ही अट पैसे घेण्याआधीच लिहून ठेवा.

काही तक्रारींत दोष कुणाचाच नसतो. एप्रिलमध्ये मी महाबळेश्वरच्या एका गृहस्थांना बीच लाकडाच्या मुठीचा ओपिनेल, म्हणजे फ्रेंच बनावटीचा घडीचा चाकू, विकला. जुलैत त्यांचा रागाने फोन आला, पातं उघडतच नाही म्हणून. तिथल्या पावसाळ्यात लाकूड फुगून खाचेत पातं आवळलं होतं. ओढू नका, दोन-तीन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवा, उन्हात नको, नाहीतर मूठ तडकेल, एवढंच त्यांना सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी उघडलेल्या पात्याचा फोटो पाठवला.