देशावर नीरफणस जगवायचा तर थंडीआधी मुळांकडे बघा

परतीचा पाऊस ओसरला आहे आणि पहाटे गवतावर दव दिसू लागलं आहे. कोकणातून हौसेनं आणलेलं नीरफणसाचं रोप ज्यांनी देशावर, म्हणजे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला लावलं आहे, त्यांच्यासाठी दसरा ते दिवाळी हे दिवस फार मोलाचे आहेत. जानेवारीत पानं काळी पडल्यावर धावपळ करून हाती फारसं लागत नाही. करायचं ते आत्ताच, आणि त्यातलं बरंचसं काम जमिनीखाली, मुळांशी आहे.

हे झाड मुळात प्रशांत महासागरातल्या बेटांचं. आपल्या फणसाचंच भावंड, पण फळाला बी नाही. कोकणात याला विलायती फणसही म्हणतात, आणि केरळातल्या शीमचक्का या नावाचा अर्थही तोच, परदेशी फणस. बी नसल्यामुळे हे झाड जगभर गेलं ते रोपांच्या रूपानं. १७८७ मध्ये इंग्रजांचं बाउंटी जहाज ताहितीहून याची रोपं वेस्ट इंडीजला नेण्यासाठीच निघालं होतं. १७८९ मध्ये खलाशांनी बंड केलं, रोपं समुद्रात फेकली गेली, आणि दुसऱ्या सफरीत १७९३ मध्ये ती तिकडे पोचली. आपल्याकडेही आजवर मुळाच्या फुटव्यांवरच हे झाड परसातून परसात फिरत आलं आहे. याचा जीव मुळात आहे, हे एकदा मनात ठसलं की थंडीत काय करायचं ते आपोआप उलगडत जातं.

माझं पहिलं रोप मी ओढ्याकाठी लावलं होतं. पाण्याची सोय होती, गाळाची माती होती, जागा उत्तम वाटली. पहिल्याच जानेवारीत ते गेलं. त्याच आठवड्यात वर घराजवळच्या पपईचं एक पानही करपलं नव्हतं. थंड हवा जड असते, रात्री ती पाण्यासारखी उतारानं वाहत जाते आणि खोलगटात साचते. ओढ्याकाठ आणि उंचावरचं अंगण यांत काही अंशांचा फरक सहज पडतो. शेताच्या कोणत्या कोपऱ्यात पहाटे धुकं आधी धरतं, ते घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं. त्यांना विचारा आणि तो कोपरा टाळा.

आकडे सांगायचे तर हे झाड २१ ते ३२ अंशांत सुखात वाढतं. रात्री सतत १५-१६ अंशांच्या खाली गेल्या की वाढ जवळपास थांबते. हा आजार नव्हे, तेव्हा टॉनिक आणि खतं देत बसू नका. पारा १० च्या खाली चार-सहा रात्री राहिला तर कोवळी पानं आणि शेंडे करपतात. ५ च्या खाली गेला तर फांद्या वाळतात आणि लहान झाड पूर्ण जाऊ शकतं. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत १.७ अंशांची नोंद आहे. असं वर्ष क्वचित येतं, पण ८-१० अंशांच्या रात्री दर हिवाळ्याला ठरलेल्या. हवामान खात्याच्या अंदाजातलं तापमान जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरचं असतं. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत ते आणखी दोन-तीन अंशांनी उतरतं आणि तुमचं दोन फुटांचं रोप नेमकं तिथेच असतं. म्हणून कमाल-किमान दाखवणारा एक थर्मामीटर रोपाशेजारी काठीला बांधाच. तो नसेल तर बांधावरची केळ बघा. थंडीत तिचा घड पोग्यातच, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतच अडकत असेल, तर नीरफणसासाठी ती जागा कडक आहे.

निफाडच्या आसपास किंवा महाबळेश्वरच्या पठारावर हे झाड लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. विदर्भातही नको. तिथे हिवाळ्यापेक्षा ४५ अंशांचा कोरडा उन्हाळाच त्याला मारील. याउलट आजरा, चंदगड, राधानगरी, पाटण, मुळशी या सह्याद्रीलगतच्या दमट पट्ट्यांत ते धीरानं लावावं.

आता मातीचं. देशावर नीरफणस थंडीनं मरतो असं म्हणतात, पण मी पाहिलेली निम्मी तरी झाडं थंड आणि ओल्या काळ्या मातीत मुळं कुजून गेली. थंडीत झाड झोपेत असतं, पाणी ओढत नाही, आणि आपण मात्र ठिबक पावसाळ्यानंतरच्या वेळापत्रकावरच चालू ठेवतो. पानं मलूल दिसली की आणखी पाणी सोडतो. भारी जमीन असेल तर या आठवड्यात आळं मोडा, खोडाभोवती माती चढवून उंचवटा करा आणि उताराच्या बाजूला हातभर खोल चर काढा. मुरमाड जमिनीत याची गरज नाही.

पाणी देण्याआधी एक वीत खोल माती उकरून मुठीत दाबा. गोळा होत असेल तर पाणी नको. भारी जमिनीत आठ-दहा दिवसांनी, मुरमाड जमिनीत चार-पाच दिवसांनी पाळी येते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असतं, ते सकाळी ऊन चढल्यावर द्या. थंडीच्या लाटेचा इशारा आला, तर आदल्या दिवशी सकाळी हलकं पाणी जरूर द्या. ओलसर माती दिवसा जास्त ऊब धरते आणि रात्री ती हळूहळू सोडते, कोरडी भुसभुशीत माती तसं करत नाही. संध्याकाळी पानांवर पाणी मारण्याची चूक करू नका.

आच्छादनाला उसाच्या पाचटासारखं दुसरं काही नाही. चार बोटं जाड थर घेराच्या थोडं बाहेरपर्यंत पसरा, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. तिथे ओल राहिली तर साल कुजते. वाळवीची जमीन असेल तर पंधरा दिवसांनी पाचट उचलून खाली बघत जा. कडाका पडला आणि वरचं झाड काळं झालं, तरी या थराखालची मुळं जिवंत राहतात. सगळ्या खटाटोपात मला हे काम सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

पहिले दोन हिवाळे रोपाला पांघरूण लागतं. उत्तरेकडून आणि पूर्वेकडून तुरकाठ्यांची किंवा कडब्याची ताटी उभी करा, दक्षिण बाजू उन्हाला मोकळी ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे घराच्या किंवा गोठ्याच्या दक्षिणेची जागा चांगली. मात्र झाड मोठं होतं, फांद्या ठिसूळ असतात, म्हणून भिंतीपासून निदान ५ मीटर तरी दूर राहा. कडक रात्री वरून बारदान किंवा डाळिंबाला वापरतात तसलं क्रॉप कव्हर काठ्यांवर टाका, पानांना टेकू देऊ नका, सकाळी काढा. नुसता प्लॅस्टिकचा कागद पानांना चिकटला तर तिथेच पान करपतं. तिसऱ्या वर्षी खोड मनगटाएवढं झालं की एवढा सोहळा लागत नाही.

युरिया आणि शेणस्लरी दसऱ्यानंतर बंद. उशिरा दिलेल्या नत्रानं कोवळी पालवी फुटते आणि थंडी पहिला घास तिचाच घेते. चुलीची राख टाकण्याची पद्धत चांगली आहे, पण चुनखडीच्या जमिनीत ती टाकू नका. तिथे आधीच लोह कमी पडून पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. तसं दिसलं तर फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन उबदार दिवशी एक फवारणी करा. खोडाला जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप लावा. १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना वेगवेगळे भिजवून एकूण १० लिटर पाण्यात मिसळले की पेस्ट होते. एकच झाड असेल तर १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरे. भांडं प्लॅस्टिकचं घ्या. शेंड्यात पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी अर्क पुरतो, शिवाय खोडावर चढणाऱ्या मुंग्या थांबवा, कारण ढेकूण त्याच पसरवतात.

एवढं करूनही शेंडा काळा पडला तर कात्री उचलू नका. होळीपर्यंत थांबा. वाळलेली फांदी खालच्या डोळ्यांना थोडा आडोसा देते आणि घाईनं छाटलेल्या झाडाला पुढची थंडी जास्त झोंबते. होळीनंतर नखानं साल खरवडून बघा, हिरवं लागेल तिथवर छाटा आणि कापावर पेस्ट लावा. सगळं खोड वाळलं असलं तरी झाड उपटू नका. कलमी आंबा मुळातून फुटला तर तो खुंटाचा रायवळ असतो, नीरफणसाचं तसं नाही. फुटव्याचं रोप स्वतःच्याच मुळांवर उभं असतं, त्यामुळे जमिनीतून आलेला कोंब हा तोच नीरफणस, तशीच फळं देणारा. माझ्या अंगणातलं आजचं झाड असंच परत उभं राहिलेलं आहे. कोंब दोन-तीन आले तर जोमदार एक ठेवा, बाकीचे मुळाच्या तुकड्यासकट काढून शेजाऱ्याला द्या.

ज्यांनी अजून रोप घेतलं नाही, त्यांनी आत्ता लावू नये. आणलं तर कुंडीत ठेवा, जूनच्या पावसात जमिनीत लावा. घेताना एकच प्रश्न विचारा, रोप मुळाच्या फुटव्याचं आहे की बियांचं? बियांचं असेल तर ते नीरफणसाचं बीवालं भावंड असतं, फळ काटेरी आणि आत गरापेक्षा बिया जास्त. पानं दोघांची सारखीच, फसगत सहज होते. कोकणात नातलग असतील तर जुन्या झाडाचं अंगठ्याएवढं जाड मूळ मागा, वीतभर तुकडे करा आणि सावलीत ओलसर वाळूत आडवे पुरा. महिन्या-दोन महिन्यांत कोंब येतात. दोन झाडांत १० मीटर अंतर हवं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत शेडनेटची सावली लागेलच. जोडीदार झाड लागत नाही, एकाच झाडावर नर-मादी दोन्ही फुलं येतात आणि फळ परागाशिवाय धरतं.

कोकणात चौथ्या-पाचव्या वर्षी फळं लागतात, देशावर वर्षभर उशीर धरा. पहिल्यांदा लांबट, पिवळसर, स्पंजासारखी नर फुलं येतात आणि तपकिरी होऊन गळतात. फळ गळालं म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी घाबरून विचारतं. ती गळायचीच असतात. खरं फळ तयार झालं की सालीवरचे उंचवटे सपाट होतात, हिरवा रंग पिवळटतो आणि चिकाचे थेंब सालीवर वाळलेले दिसतात. देठासकट काढा आणि देठ खाली करून चीक निथळू द्या. काढल्यावर ते तीन-चार दिवसांत मऊ पडतं, मग कापं तळता येत नाहीत. त्याच दिवशी चिरायचं नसेल तर बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, आणखी दोन-तीन दिवस टिकतं.